पाचवा उद्गार

अण्णासाहेबांनी लाल पेनाचं टोपण दातानं उघडलं आणि लतिकाच्या कागदावरच्या मधल्या परिच्छेदावर या टोकापासून त्या टोकापर्यंत तिरकी रेघ ओढली. मग चष्मा काढून टीपॉयवर ठेवला आणि बाकीचं छान जमलंय म्हणाले. बाकीचं म्हणजे सुरुवातीची प्रार्थना आणि शेवटचे आभार. बोलायचं होतं ते सगळं रेघेखाली गेलं होतं.

गुड फ्रायडेला दुपारी बारा ते तीन दिल्लीतल्या त्यांच्या मराठी ख्रिस्ती मंडळीची उपासना असे. वधस्तंभावर खिळलेला असताना येशू सात वेळा बोलला. त्या सात उद्गारांवर मंडळीतल्या सात जणांनी पाच-पाच मिनिटं बोलायचं, अशी पद्धत होती. आधीच्या रविवारी दानाच्या थाळीतून चिठ्ठ्या उचलायच्या आणि आलेली चिठ्ठी बदलून मागायची नाही. जे बोलायचं ते लिहून गुरुवारी अण्णासाहेबांना दाखवायचं, हा नियम मात्र नंतरचा. एका वर्षी एक गृहस्थ क्षमेवर बोलता बोलता वेतन आयोगावर घसरले होते, तेव्हापासूनचा.

यंदा लतिकाला पाचवा उद्गार आला होता. आपल्याला तहान लागली आहे, एवढंच येशू त्यात म्हणतो. सातांतला सगळ्यात छोटा, आणि तो नेमका तिच्याच हाती लागला.

अण्णासाहेब आढाव हे मंडळीतले ज्येष्ठ, आणि तिचे थोरले दीर. त्यांचा धाकटा भाऊ सुधन्वा, लतिकाचा नवरा, सप्टेंबरात गेला. त्याला पक्षाघाताचा झटका आला होता आणि गिळण्याची शक्ती गेली होती. पाण्याचा घोटसुद्धा फुप्फुसात उतरेल, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. तोंडानं काही देऊ नये, अशी पाटीच पलंगाच्या डोक्याशी लावली होती. नाकातल्या नळीनं पाणी पोटात जायचं, पण तहान जिभेला लागायची. बाकीचे शब्द अडखळायचे. ‘पाणी’ तेवढं स्पष्ट यायचं. पंचवीस वर्षं केंद्रीय मंत्रालयात नियमावर बोट ठेवून फायली परत पाठवणाऱ्या लतिकानं हाही नियम पाळला. ओल्या कापसानं ती त्याचे ओठ पुसायची आणि तो कापूस चोखायला बघायचा. सहाव्या दिवशी न्यूमोनियानं तो गेला, तहानलेलाच.

रेघेखालच्या परिच्छेदात सुधन्वाचं नाव नव्हतं. तिथं एवढंच लिहिलं होतं, की येशूला खरीच तहान लागली होती, उन्हात उभ्या कुठल्याही माणसाला लागते तशी. जीभ टाळूला चिकटली होती आणि त्यात सोंग काही नव्हतं.

अण्णासाहेबांना हेच नको होतं. त्यांनी समजावून सांगितलं, की प्रभूला सगळं आधीच ठाऊक होतं. पूर्वी लिहून ठेवलेलं पुरं व्हावं म्हणून तो तसं बोलला, असं शास्त्रातच आहे. जो पाण्यावरून चालला तो पाण्यासाठी याचना करील का? अशानं लोक त्याला आपल्यातलाच एक समजायला लागतात आणि मग श्रद्धेचं काय राहतं? येशू पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य, हे अण्णासाहेब दर रविवारी सगळ्यांबरोबर म्हणत. पण पहिले दोन शब्द ठणठणीत आवाजात यायचे आणि पुढचे दोन घाईत उरकले जायचे.

लतिका त्यांच्याशी कधी वाद घालत नसे. या वेळी मात्र तिनं कागद स्वतःकडे ओढला.

“अण्णा, त्याला खरी तहान लागलीच नसेल, तर सुधन्वाची तहान त्याला काय कळणार? मग त्या खोलीत सुधन्वाबरोबर कोण होतं? मी तर पाणी दिलं नाही.”

अण्णासाहेबांनी टीपॉयवरचा चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. द्वारका उपनगरातल्या त्यांच्या सोसायटीत खाली मुलं क्रिकेट खेळत होती आणि आउटवरून भांडत होती. ते म्हणाले, की रेघेखालचं उद्या वाचायचं नाही. मग मी बोलतच नाही, असं लतिका म्हणाली आणि पर्स उचलून निघाली. मेट्रोत तिनं मुलीला, देविकाला, फोन करून सांगितलं, की उद्या जाऊ, बसू, पण मी माइकसमोर उभी राहणार नाही. आणि हेही, की ही तहान खोटी ठरली तर पुढच्या रविवारपासून मी येणार नाही. ही धमकी नव्हती. तिथं बसून गाणी म्हणायला तिच्याकडे दुसरं काही कारण उरलंच नव्हतं.

शुक्रवारी करोल बाग नेहमीसारखंच गजबजलेलं होतं. गाड्यांच्या स्टिरिओच्या दुकानांसमोरून दोघी चालत चर्चपर्यंत आल्या. मुख्य चर्चमध्ये हिंदी मंडळीची उपासना असल्यामुळे मराठी मंडळीला मागचा हॉल मिळायचा. तिथं साठ खुर्च्या, दोन कूलर आणि भिंतीपलीकडून झिरपणारी हिंदी गीतं, असा सगळा सरंजाम. देविकानं पर्समध्ये डोकावून पाहिलं.

“आई, पेपर आणलायस ना? घेऊन तर ठेव, यार. नाही वाचलास तर नाही.”

कागद पर्समध्ये होता. लतिकानं तो मांडीवर घेतला आणि उघडला नाही.

अण्णासाहेब गुड फ्रायडेला तीन वाजेपर्यंत पाणीही घेत नसत. यंदा त्यांचे ओठ पांढरे पडले होते आणि समोरच्या खुर्चीत ते काहीसे वाकून बसले होते. तिसरा उद्गार झाला, गीत झालं. चौथ्याला उन्मेष उभा राहिला, देवानं आपल्याला का टाकलं असं येशू विचारतो त्यावर बरं बोलला, आणि पुन्हा गीत सुरू झालं. तेव्हा अण्णासाहेब उठले, लतिकाच्या रांगेपाशी आले आणि त्यांनी तिला डोळ्यांनीच बाहेर बोलावलं. ती गेली. पुन्हा तोच उपदेश, असं तिला वाटलं.

व्हरांड्यात ऊन पायांपर्यंत आलं होतं. अण्णासाहेबांनी खांबाला हात लावला.

“मी त्याला पाणी दिलं होतं,” ते म्हणाले.

लतिकाला आधी अर्थच लागला नाही.

“चौथ्या दिवशी. तू दुपारी आंघोळीला घरी गेलीस, तेव्हा. मला म्हणाला, अण्णा, पाणी. लहानपणी म्हणायचा तसं. मी पाठीत हात घालून उठवला आणि बाटलीच्या झाकणानं पाजलं. सात-आठ झाकणं. दुसऱ्या दिवशी ताप चढला.”

आत गीताचं दुसरं कडवं चालू झालं.

“शास्त्रात पुढं काय आहे, माहीत आहे ना तुला? कुणीतरी स्पंज आंबेत, म्हणजे आंबट द्राक्षारसात, बुडवून त्याच्या तोंडाला लावतो. तो ती आंब घेतो आणि प्राण सोडतो. लगेच, लतिका. मध्ये काही नाही. त्याला खरी तहान लागलेली नसेल, तर ते सगळं आधी लिहून ठेवलेलंच होतं, कुणाच्या हातून काही झालं नाही. आणि खरी लागली असेल, तर...”

त्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं.

लतिकाला आनंद झाला. सगळ्यात आधी आनंदच झाला, आणि तो इतका उघडा होता, की तिनं तोंडावर हात ठेवला. तो प्यायला होता. सहा महिने ती ज्या कोरड्या जिभेबरोबर झोपत आणि उठत होती, त्या जिभेला पाणी लागलं होतं. मग त्या आनंदामागून राग आला. ती एकटी हे सोसत असताना हा माणूस तिच्यासमोर रविवारमागून रविवार शास्त्र वाचत बसला होता. सांगायला त्याला सहा महिने लागले.

“प्यायल्यावर काही बोलला?” तिनं विचारलं.

“डोळे मिटून घेतले. म्हणाला, गार आहे.”

तोंडानं काही दिलं नाही तरी स्वतःची लाळ फुप्फुसात जाऊन हे होतं, बऱ्याच रुग्णांना होतं, असं डॉक्टरांनी तिला शेवटी सांगितलं होतं. हे अण्णासाहेबांना माहीत नव्हतं. ते या घडीला त्यांना सांगायला हवं, हे तिला कळत होतं. तिनं सांगितलं नाही. तेवढं मन तिच्याजवळ त्या क्षणी नव्हतं.

गीत संपलं. आतून कार्यक्रम सांगणाऱ्या स्वरूपानं माइकवर पाचवा उद्गार जाहीर केला आणि लतिका आढाव हे नाव दोनदा घेतलं. लतिका आत गेली. मधल्या वाटेनं ती चालत असताना देविकानं तिच्याकडे पाहिलं, तिनं देविकाकडे पाहिलं नाही. माइक उंच होता, तो तिनं खाली केला. कागद उघडलाच नाही. अण्णासाहेब आपल्या खुर्चीकडे गेले नव्हते, दारातच उभे होते.

ती पाच मिनिटं बोलली नाही, फार तर दोन. त्याला खरीच तहान लागली होती, असं तिनं सांगितलं. तो देव होता हे मी नाकारत नाही, पण त्या घटकेला जीभ माणसाची होती, आणि तहानेनं मेलेल्या माणसाला देव म्हणायचं असेल तर मी म्हणू शकते, दुसऱ्या कुणाला मला म्हणता येणार नाही. पुढच्या रांगेत कुणीतरी खाकरलं. रस्त्यावरून हॉर्न ऐकू येत होते. एवढ्यावर थांबायचं तिनं ठरवलं होतं.

“त्याला प्यायला कुणी दिलं, त्याचं नाव शास्त्रात नाही,” ती म्हणाली. “चांगला होता की वाईट, तेही नाही. पण येशू त्याला नको म्हणाला नाही. तो प्यायला.”

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की अण्णांना आपण अजून माफ केलेलं नाही. पण शब्द तोंडातून गेले होते आणि ते आता परत घ्यायचे नव्हते.