बियाण्याचं सलगम

इसोनोकाकूंच्या परसात सलगम फुलावर यायला आणि गावाला शोभेचं वेड लागायला एकच गाठ पडली. वस्तीचा प्रमुख तोमेझो, त्याने काकूंच्या कुंपणापासून थेट बसथांब्यापर्यंत मोहरीच्या जातीचं बी फेकलं होतं. का, तर वसंतात रस्ता पिवळाधमक दिसेल आणि शहरातले लोक फोटो काढायला येतील!

"अरे, मधमाशी काय कुंपण बघून उडते?" काकूंनी तेव्हाच सुनावलं होतं. "दोन्ही एकाच कुळातली. तुझ्या फुलांचा पराग माझ्या सलगमावर बसला की पुढच्या वर्षी ना रंग, ना गड्डा."

"काकू, दुकानात पाकीटबंद बी मिळतं की!"

झालं, काकूंचं डोकं फिरलं. शेपटीपर्यंत लालबुंद असं हे सलगम पूर्वी दरीतल्या घराघरांत होतं. एकेकाने हयगय केली आणि आता ते त्यांच्या एकटीकडे उरलं. दर शरदात सगळे गड्डे उपटून त्यातले सर्वांत देखणे बारा त्या निवडत आणि बियाण्यासाठी पुन्हा मातीत लावत. नवरा होता तोवर कुरकुरायचा, "चांगलं ते मातीला, वाकडं ते मला." पण बी चांगल्याचंच धरायचं असतं. सासूने हातात ठेवलेलं ते बी काकू आपल्या डोळ्यांदेखत बाटू देणार नव्हत्या.

म्हणून त्या रोज सकाळी टोपली घेऊन निघत आणि रस्त्याकडेची एकूण एक कळी उमलण्याआधी खुडत. कंबर धरायची, पण एक फूल उमलू दिलं नाही.

मग घरोघर फिरणारी वस्तीची सूचनापाटी आली. वाचायची, वाचल्याची खूण म्हणून आपल्या नावाचा शिक्का मारायचा, शेजारी द्यायची. तोमेझोने लिहिलं होतं, 'रस्त्यावरच्या कळ्या कोणीतरी चोरत आहे. माहिती असल्यास कळवावे.'

काकूंनी शिक्का मारला आणि खाली ठळक लिहिलं, 'चोरत नाही, दिवसाढवळ्या खुडते. उद्याही खुडणार. इसोनो.' मग टोपलीभर कळ्या उकळत्या पाण्यातून काढल्या, सोया सॉस आणि तीळ घालून डबा भरला, आणि पाटीबरोबर शेजारी धाडला. 'खा आणि पुढे द्या.'

संध्याकाळी तोमेझो तणतणत दारात.

"सगळ्यांनी शिक्के मारलेत! एकानेही तक्रार लिहिली नाही!"

"तोंडात घास असेल."

"आणि डबा रिकामा!"

"तुझ्या घरी पोचला तेव्हाही रिकामाच होता?"

"थोडं होतं. किवा विचारत होती, तीळ भाजून घातलेत का."

"भाजून. सांग बायकोला."

"काकू, पुढल्या वर्षी मी जाळी लावणार!"

"लाव. मी कात्री आणते."

सलगमाच्या शेंगा भरेपर्यंत काकूंनी खुडणं थांबवलं नाही. उन्हाळा सरता सरता नवं बी पेरलं आणि शरदात पहिला गड्डा उपटला. माती पुसली. शेपटीपर्यंत लालबुंद! काकू वाफ्यातच बसल्या आणि पोटभर रडल्या.

निवडलेल्या बारांतले अकरा त्यांनी लावले. बारावा घेऊन त्या तोमेझोच्या दारात गेल्या.

"वा! लोणचं झकास होईल," तो म्हणाला.

"खबरदार! तुझ्या आईकडेही हेच होतं, तुम्ही घालवलंत. हे परसात बियाण्यासाठी लाव. वसंतात फुलेल. मग बघते, रस्त्यावरच्या फुलांचं तू काय करतोस ते."