डोक्यावरची आडवी घागर

मी ग्रीसच्या मातीची घागर बोलतेय. वय अडीच हजार वर्षं. मुक्काम न्यूझीलंड, पोरिरुआजवळच्या एका छोट्या संग्रहालयातली काचेची पेटी. जन्मले पाणी भरण्यासाठी, पण आता मला धूळसुद्धा शिवत नाही.

माझ्या अंगावर डोक्यावर घागर घेतलेली एक बाई रंगवलेली आहे. ती मला कधी दिसली नाही. काचेपलीकडची माणसं जे बोलतात, त्यावरूनच मी तिला ओळखते. एका प्राध्यापकांनी तिला दासी ठरवलं, दुसऱ्यांनी घरंदाज गृहिणी. मला फक्त एवढंच हवं होतं, की ती सुखरूप घरी पोचावी. पाटीवर तसं लिहिलंही होतं, 'पाणी भरून घरी परतणारी स्त्री'. त्या शब्दांवर मी इथली चाळीस वर्षं काढली. लोक पाटी वाचतात, फोटो काढतात आणि तिच्याकडे नीट न बघताच पुढे जातात.

गेल्या मंगळवारी बेबीताई आल्या. नागपूरहून मुलाकडे राहायला आलेल्या. सोबत नात आरुषी. तिने पाटीचा अर्थ सांगितला, तशा त्या हसल्याच.

"भरून? घागर आडवी आहे ना बाप्पा! भरलेली अशी ठेवली तर पाणी अंगावर नाही सांडणार?"

"आजी, दे आर एक्स्पर्ट्स!"

"असतील. पाणी भरलंय का कधी त्यांनी? रिकामी घागर आम्ही अशीच आडवी ठेवायचो डोक्यावर, कापडाच्या चुंबळीवर. ही आत्ता निघालीय पाण्याला."

मग त्या काचेला नाक लावून बघत राहिल्या.

"पण पाण्याला एकटी कोण जातं गं? हिच्या सोबतच्या कुठायत?"

आरुषीने बोट दाखवलं. बाईच्या पुढचा माझा भाग कधीच फुटून गेलाय. सांधणाऱ्यांनी तिथे कोरं प्लास्टर भरलंय.

"देअर. मिसिंग."

बेबीताईंनी त्या कोऱ्या जागेसमोर काचेवर बोट टेकवलं. "त्या पुढे गेल्या," एवढंच म्हणाल्या, आणि आरुषीचा हात धरून निघाल्या.

पाटी अजून तीच आहे. कुणी मोठ्याने वाचली, की पूर्वी बरं वाटायचं. आता वाटत नाही.

माझे ते तुकडे कुठल्या शेतात पुरलेत, कुठल्या कपाटात पडलेत, मला माहीत नाही. चालणाऱ्या बायकांची पावलं रंगवलेली खापरी कुणाला सापडली, तर एवढं करा. सांधता नाही आली तरी चालेल, नुसती तिच्याशेजारी आणून ठेवा.

तिला अजून पाण्याला जायचंय.