सत्तर अंशांची पट्टी

कारखान्यातला मुकादम तिचा सख्खा दीर, म्हणून सगळेच तिला वहिनी म्हणायचे. तिचं काम चाचणीच्या टेबलावर: माल तपासायचा, पास झाला तर शिक्का मारून सही करायची. आग लागली की छतातून पाणी सोडणाऱ्या फवाऱ्यांसाठी तिथं पितळी पट्ट्या बनत. दोन पट्ट्या एका मिश्रधातूनं जोडलेल्या. सत्तर अंशांच्या आसपास तो धातू वितळायचा, पट्ट्या सुटायच्या आणि पाणी कोसळायचं. मिश्रणात निम्मं बिस्मथ, बाकी शिसं, कथील आणि थोडं कॅडमियम.

त्या सकाळी नव्या धातूच्या कांड्या समोर आल्या आणि वहिनी थबकली. बिस्मथ गोठताना फुगतं, त्यामुळे कांडी साच्याच्या कडेपर्यंत भरलेली निघते. या कांड्यांना मधोमध खळगा होता.

तिनं त्याच धातूची एक पट्टी गरम पाण्यात लटकवली, खाली वजन बांधलं आणि थर्मामीटर बघत बसली. सत्तर. ऐंशी. नव्वद. वजन जागचं हललं नाही. आणखी नऊ पट्ट्यांनी तेच केलं.

"भावजी, यात बिस्मथ किती घातलंय?"

"होतं तेवढं. माल बंदरात अडकलाय, म्हणून शिशानं भागवलं. शिक्का मारा, उद्या गाडी लागतेय."

"नव्वदलासुद्धा सुटत नाही ही."

"सुटेल की पुढं. आग काय नव्वदवर थांबते?"

"तोवर खालचं माणूस उरायला हवं ना."

तिनं शिक्का उचलला आणि स्वतःच्या खिशात टाकला.

दुपारी मालकांनी बोलावलं. आवाज अगदी गोड होता. "वीस वर्षं आहात इथं. एका खेपेचा तर प्रश्न आहे."

वहिनीनं वर बोट दाखवलं. "या खोलीत आपलीच पट्टी आहे. ती काढून यातली लावा. मी आत्ता शिक्का मारते."

मालकांनी छताकडे पाहिलं, मग टेबलावरच्या कागदांकडे. "शिक्का ठेवून जा. उद्यापासून पॅकिंगला बसा."

घरी दोन्ही भाऊ एकाच स्वयंपाकघरात जेवायचे. दिरानं ताट पुढं सरकवलं. "घरचं माणूस असून मला तोंडघशी पाडलंत."

"घरचं माणूस म्हणून तुम्हाला आधी सांगितलं. दुसरं कुणी असतं तर थेट मालकांकडे गेले असते."

नवऱ्यानं मध्ये पडायचा प्रयत्न केला नाही. फक्त तिच्या ताटात आणखी भात वाढला. ती पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी शिक्का चष्मेवालीच्या हाती आला. ही नवीन मुलगी, वहिनीच्याच हाताखाली शिकलेली. दीर तिच्या डोक्यावर उभा. तिनं शिक्का शाईवर टेकवला, मग काय वाटलं कोण जाणे, बाजूला ठेवून एक पट्टी पाण्यात सोडली. नव्वद झाले, पट्टी सुटली नाही. ती उठली, थेट पॅकिंगला आली आणि वहिनीशेजारी बसली.

"सरका थोडं. खोकी कशी बांधायची तेवढं दाखवा."

"दुपारी तुझ्यावरही ओरडतील."

"ओरडू देत. मला ऐकू चांगलं येतं."

शिक्क्याशिवाय खोकी चढवायला गाडीवाला तयार होईना. शिक्का आणि खाली तपासणाऱ्याची सही, अशी त्याच्या कागदावर अट होती आणि तो अडून बसला. चार वाजता गाडी रिकामी गेली. संध्याकाळी मालकांचा निरोप आला, खेप वितळवा. भट्टी दिरानंच पेटवली.

बिस्मथ एकोणीस दिवसांनी आलं. नव्या कांड्या कडेपर्यंत भरलेल्या निघाल्या, पट्ट्या सत्तरला सुटल्या. वहिनीला तिचं टेबल परत मिळालं, पण माफी कुणी मागितली नाही. उलट मेमो आला: आदेश पाळला नाही, लेखी खुलासा द्यावा.

तिनं खाली लिहिलं, "खरं आहे. तशी खेप आली तर पुन्हा नाही पाळणार."

ऑफिसातला कारकून वाचून चपापला. "वहिनी, असं लिहीत नसतात हो."

"मग कसं लिहितात ते मालकांना विचारून ये. अक्षर सुधारून देईन, मजकूर हाच राहील."