हुरड्याच्या मळ्यात लपवलेला मिक्सर

मी मिक्सर बोलतोय. दचकू नका, भांडत नाहीये, माझा आवाजच असा आहे. तीन भांडी, एक झाकण चिरलेलं, वायर मध्येच काळ्या टेपने गुंडाळलेली. आणि स्वभाव? संशयी! आधीच सांगून टाकतो. मला कोणी प्रेमाने फडक्याने पुसलं ना, तरी माझ्या मनात पहिला विचार येतो, आता विकणार वाटतं.

पण जन्मतः मी असा नव्हतो हां. कारखान्यातून निघालो तेव्हा पांढराशुभ्र आणि एकदम भोळा. पहिलं घर पुण्यात, वाकडला, पाचव्या मजल्यावर. प्रार्थना नावाची नर्स होती माझी मालकीण. ड्युटीवरून थकून यायची, केळं आणि दूध माझ्यात टाकायची, घर्रर्र, झालं! ओट्यावर खिडकीजवळची जागा, शेजारी मायक्रोवेव्ह, समोर हायवे. काय लाइफ होतं! वरच्या मजल्यावरचे काका माझ्या आवाजाने वैतागून पाय आपटायचे, तेवढाच काय तो त्रास.

मग एकदा प्रार्थनाची आत्या आली, दया. गावाकडून खांदा दाखवायला आली होती. उजवा हात कानाच्या वर जातच नव्हता. वेणी घालायची तर मान खाली वाकवून हाताकडे न्यायची. डॉक्टरकडून परत आल्यावर प्रार्थनाने फर्मान काढलं, "आत्या, चटण्या कुटणं बंद. एकदम बंद."

"आगं, मग पाव्हन्यांना काय खायला घालू?"

"हा घेऊन जा."

हा म्हणजे मी! मला कोणी विचारलं? कोणीच नाही. डायरेक्ट खोक्यात. खोकं एसटीत, दयाताईच्या मांडीवर. आणि माझा संशय तिथूनच सुरू झाला.

श्रीगोंद्याच्या अलीकडे, डांबरी रस्ता सोडून आत गेलं की दयाताईचा आणि थॉमसदादांचा ज्वारीचा मळा. थॉमसदादा म्हणजे तिचा नवरा. हिवाळ्यात तिथे हुरडा पार्टी असते. कोवळी कणसं गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायची, गरम असतानाच तळहातावर चोळून दाणे काढायचे आणि सोबत चटण्या. लसणाची, शेंगदाण्याची, कारळ्याची. पुण्यावरून गाड्याच्या गाड्या येतात.

गेटवर हा एवढा मोठा बोर्ड. खोक्याच्या फटीतून मी वाचला. 'दयाताईंचा मळा. मालकीण: दयाताई. उखळात कुटलेल्या चटण्या.' आणि खाली हातात मुसळ घेतलेल्या दयाताईचा हसरा फोटो.

उखळात कुटलेल्या? मग मला कशाला आणलंय? सांगा ना, कोणालाही संशय येईल की नाही?

मला बघून थॉमसदादांचा चेहराच पडला. "आगं, ह्ये काय आणलंस? लोक काय म्हनतील?"

"लोकांना चटनी लागती. कशात केली ते कोन इचारतंय?"

"त्येच तर इचारत्यात! तेवढ्यासाठी एवढ्या लांबून येत्यात."

बरीच वादावादी झाली आणि तोडगा निघाला. मला ठेवलं चुलीमागच्या पडद्याआड. चालू करायचं तर वरून जाड गोधडी, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. तरी जायचाच. मग थॉमसदादा त्याच वेळी स्पीकरवर फुल आवाजात लग्नाची गाणी लावायचे. पाहुणे बिचारे इकडेतिकडे बघायचे, नवरदेव कुठेय?

आणि बाहेर उखळापाशी बसायच्या रंगुबाई. वस्तीवरच्या, वयस्कर, दयाताईच्या मदतीला येणाऱ्या. गाडीचा हॉर्न ऐकला की पदर खोचून म्हणायच्या, "चला बया, नाटक सुरू!" आणि रिकाम्या उखळात चार शेंगदाणे टाकून धप्प धप्प. शहरातल्या बायका यायच्या, मुसळ उचलायच्या, दोन घाव, फोटो, "ओ माय गॉड, काय भारी व्यायाम आहे हा!"

"व्हय ना," रंगुबाई म्हणायच्या, "जलमभर केलाय. बघा की माजी तब्येत, कशी चवळीची शेंग!" आणि आपल्या कमरेतल्या बाकाकडे बोट दाखवायच्या. सगळे हसायचे.

एक गृहस्थ तर माझी लसणाची चटणी खाऊन डोळे मिटून बसले. "आहाहा! ही दगडाची चव! मिक्सरला जन्मात येणार नाही." गोधडीखाली माझी काय अवस्था झाली असेल, विचार करा! खरी गोष्ट सांगू? दयाताईची बटण फिरवायची पद्धत. सलग नाही चालवायची. उलट्या बाजूला हिसका, थांब, परत हिसका. शेंगदाणा अर्धामुर्धा फुटला पाहिजे, त्याला तेल सुटता कामा नये. कला तिची, मेहनत माझी, आणि कौतुक कोणाचं? दगडाचं.

पण खोटं कशाला बोलू, दयाताईला पाहुणे आवडायचे. आधी म्हणे घरी कोणी आलं की ती चुलीमागेच असायची. आता कणसं घेऊन पाहुण्यांत बसायची, कुठला दाणा हुरड्याचा, कुठला जून झालेला, हे सांगायची. लोक तिला नावाने हाक मारायचे. थॉमसदादा माईक घेऊन म्हणायचे, "ह्या आमच्या मालकीणबाई!" टाळ्या पडायच्या. ती लाजायची, पण ताठ बसायची.

मला मात्र त्या मालकीण शब्दाचा संशय यायचा. रविवारी सगळ्यात जास्त गर्दी, म्हणून सीझनभर मालकीणबाईंना चर्चला जायला मिळायचं नाही. थॉमसदादा जाऊन यायचे. ही कसली मालकी यार?

मग आल्या आरती मॅडम. पुण्यातल्या कुठल्याशा टूर कंपनीच्या. पायात स्वच्छ पांढरे बूट, तोंडात सारखं 'ऑथेंटिक'. मी पडद्याआडून सगळं ऐकत होतो.

"थॉमसदादा, दर शनिवार-रविवार आमची बस येईल. पण एक अट आहे. स्वयंपाकघरात एकही मशीन नको. बायका सकाळपासून खरंच कुटताना दिसल्या पाहिजेत. आमचे लोक आत येऊन बघतात."

"मशीन? आमच्याकडं? छ्या!"

पडद्याच्या अलीकडे मी, पलीकडे ते. आणि दयाताई? गप्प. एक शब्द नाही! त्या गप्प बसण्याचाच मला सगळ्यात जास्त संशय आला.

संध्याकाळी तिने माझी भांडी घासली, उन्हाची ऊब असलेल्या कट्ट्यावर सुकवली, वायर गुंडाळली आणि मला खोक्यात घातलं. तेच खोकं, वाकडचं. वरून हलकेच थोपटलं. म्हटलं, संपलं! उद्या कोणाच्या तरी टेम्पोत. थॉमसदादांनी खोकं उचलून कोठीच्या खोलीत पोत्यांमागे सरकवलं. तिथून अंगणातलं बोलणं खिडकीतून ऐकू यायचं.

"एवढा सीझन काढ, दया. एकदा बस सुरू झाली की आपन मागं बघायला नको. मग बघू कायतरी."

"आन् खांदा?"

"रंगुमावशी हाय की."

"त्यांचं वय बघा जरा."

"मी रोज बाम लावून दीन. आईशप्पत."

"बामानं काय हुतंय?"

थॉमसदादांनी डबीचं झाकण फिरवल्याचा आवाज आला. वाईट माणूस नाही हो तो. बाम त्यांनी खरंच आणला होता. पण बसचं स्वप्न डोळ्यात शिरलं की समोर बायकोचा हात दिसत नाही, एवढंच.

दोनच दिवसांनी आरती मॅडम परत आल्या, सोबत कॅमेरावाला. जाहिरातीचा व्हिडिओ करायचा होता.

"दयाताई, नऊवारी मस्तच! पण कपाळ रिकामं दिसतंय. एक टिकली लावू या का? आणि नथ? म्हणजे एकदम टिपिकल वाटेल."

"आमच्या घरात न्हाई लावत, मॅडम. आमी ख्रिस्ती हाय."

"अहो, व्हिडिओपुरतं फक्त!"

"न्हाई."

एवढाच शब्द. पण मी पोत्यांमागे कान टवकारले. दयाताईच्या तोंडून एवढा ठाम 'नाही' मी पहिल्यांदा ऐकला. मॅडम म्हणाल्या, बरं, मग पदर जरा पुढे ओढा, चेहरा कमी दिसेल.

आणि सुरू झालं. धप्प. धप्प. धप्प. या वेळी उखळात खरोखरचं खोबरं, लसूण, मिरची.

"छान! आता वरून एक शॉट. ताई, परत."

धप्प. धप्प.

"आता जरा हसून. आणि लयीत, हं?"

धप्प... धप्प.

"पार पीठ झालं त्या चटनीचं," रंगुबाई पुटपुटल्या, "तरी ह्यांचं काय व्हईना."

"अजून एकदाच. हात पूर्ण वर जाऊ द्या, ताई. ताकद दिसली पाहिजे. हा व्हिडिओ सक्षम ग्रामीण स्त्रीचा आहे!"

मला दिसत काहीच नव्हतं. पण मी आवाजातला माणूस आहे. दोन धप्पांमधलं अंतर वाढत चाललेलं मला कळत होतं. धप्प... आणि पुढचा आवाज आलाच नाही. त्याऐवजी फरशीवर मुसळ पडल्याचा खणखणाट, आणि "आई गं!"

थॉमसदादा धावले. "काय झालं? दया?"

"वर जाईना. हातच वर जाईना."

"ओके, ओके," आरती मॅडम म्हणाल्या, "पाच मिनिटं ब्रेक घेऊ. मग एक शेवटचा."

शेवटचा! मी इथे पोत्यांमागे तडफडतोय आणि त्यांना अजून एक शेवटचा पाहिजे!

तेवढ्यात कोठीचं दार उघडलं. दयाताई. घामाने निथळलेली, उजवा हात छातीशी धरलेला. डाव्या हाताने तिने माझं खोकं पोत्यांमागून ओढलं. मला वाटलं, राग आता माझ्यावर निघणार. तुझ्यामुळे सवय मोडली, म्हणून आपटणार मला. पण तिने मला बगलेत मारलं आणि सरळ अंगणात आणलं. भर उन्हात! कॅमेऱ्यासमोर! जिथे पाहुणे मोबाईल चार्जिंगला लावतात, तिथे माझी पिन खोचली. उरलेला लसूण-खोबऱ्याचा ढीग डाव्या हाताने भांड्यात भरला, झाकण ठेवलं. पण माझं झाकण चिरलेलं, दोन्ही हातांनी दाबल्याशिवाय बसत नाही.

रंगुबाई उठायला लागल्या.

"तुमी बसा, मावशी," दयाताई म्हणाली. मग नवऱ्याकडे बघितलं. "अवो, झाकन दाबा."

थॉमसदादांनी आरती मॅडमकडे बघितलं. मग कॅमेऱ्याकडे. मॅडम म्हणाल्या, "दादा, हे काय आहे? तुम्ही तर म्हणाला होता, मशीन नाही."

"बसचं बोलनं तुमचं झालंय, जाहिरात तुमची हाय," दयाताई नवऱ्यालाच सांगत होती, आवाज न चढवता. "खांदा माजा हाय. दाबताय का न्हाई?"

मी? मी तर ठरवूनच टाकलं होतं. नाही दाबणार. बसचं स्वप्न बघणारा माणूस तो, कशाला दाबेल?

आणि मग माझ्या डोक्यावर दोन हात पडले. राठ आणि जड. दयाताईने बटण फिरवलं. घर्रर्र! काय ओरडलो मी त्या दिवशी! ना गोधडी, ना गाणं. कडुनिंबावरचे कावळे उडाले.

आरती मॅडमनी कॅमेरा बंद करायला लावला. "सॉरी, पण आमच्या पाहुण्यांना हे नाही चालणार." पांढरे बूट गाडीत बसले. बस आली नाही. येणारही नाही.

थॉमसदादा नंतर कितीतरी वेळ ट्रॅक्टरवर बसून होते, ट्रॅक्टर चालू न करता. रंगुबाई त्यांना चहा द्यायला गेल्या आणि येऊन म्हणाल्या, "रडत न्हाई. पर हसतबी न्हाई."

प्रार्थनाने पुण्याहून येऊन दयाताईचा हात गळ्यातल्या झोळीत अडकवला. हलवायचा नाही म्हणजे नाही. पण सीझन तर चालू, गाड्या तर येणार! मग चटणी कोण करणार? थॉमसदादा! पहिल्या दिवशी लसूण सालासकट टाकला. दुसऱ्या वेळी शेंगदाणे एवढे फिरवले की लाडू वळता आले असते. "हिसका द्या, हिसका," दयाताई खाटेवरून सांगायची, "थांबा. आता परत. अवो, मोटर हाय ती, पानी न्हाई काढायचं!" पाहुण्यांपैकी काही जण मला उघड्यावर बघून नाकं मुरडतात, दोन गाड्या तर न खाताच परत गेल्या. बाकीचे खातात आणि चटणी बांधून मागतात.

सध्या मी ओट्यावर असतो, सगळ्यांच्या समोर. थॉमसदादा सकाळी खाली बसून लसूण सोलतात, दयाताई पाहुण्यांना मळा दाखवते. म्हणजे सगळं छान आहे, असं तुम्ही म्हणाल. पण माझा संशयी स्वभाव, तो काय करणार? मी विचार करत असतो, हे किती दिवस? हात बरा झाला की दादा उठतील, हात झटकतील आणि म्हणतील, घे, तुझं काम तू कर.

आणि आता जे सांगतो, ते आपल्यातच ठेवा. काल दादा विहिरीकडे गेले होते. स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. दयाताईला वरच्या फळीवरची लोणच्याची बरणी हवी होती. तिने इकडेतिकडे बघितलं, झोळीतून उजवा हात काढला, कानाच्या वर, डोक्याच्या वर नेला आणि बरणी काढली. सहज! मग बाहेर चपला वाजल्या आणि हात गुपचूप परत झोळीत.

"लई दुखतंय का गं?" दादांनी आत येऊन विचारलं.

"हाय थोडं," ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघितलं.

आता माझ्यासारख्या संशयी माणसाने काय समजायचं? समजलो मी, जो संशय मला, तोच तिलाही. आणि आयुष्यात पहिल्यांदा, संशयाला सोबत मिळाली म्हणून मला बरं वाटलं.

तर एवढीच विनंती आहे. तुम्ही हुरडा खायला जरूर या, चटणी मागून घ्या, माझा आवाज सहन करा. दयाताईशी गप्पा मारा, ज्वारीबद्दल विचारा, काय वाटेल ते विचारा. पण तिचा खांदा आता कसा आहे, हे मात्र थॉमसदादांसमोर विचारू नका. निदान हा सीझन संपेपर्यंत तरी.