गायरानाची भूक

मी औशापुढचं एक गायरान बोलतंय. नांगर न लागलेली, गावाच्या गुरांसाठी सोडलेली जमीन. माझ्या अंगावर पवन्या गवत आणि त्यात गुंतलेली रानमटकी. गुरं ते खायची, शेण-मूत माझ्यावरच टाकायची, त्यावर मी पुन्हा हिरवंगार होई. माझं पोट असं भरायचं.

गुराखी चंद्रप्पा म्हणायचा, "लोक म्हणतेत आपण गुरं चारतो. गुरंच रानाला चारतेत."

त्र्याण्णवच्या सप्टेंबरात पहाटे जमीन हादरली. सकाळी उरलेली गुरं रोजच्या वाटेनं आली. पाठींवर भिंतींची माती होती. मागं कुणी नव्हतं. ती नुसती उभी राहिली. एकानंही खाली तोंड घातलं नाही.

दुपारी चंद्रप्पाची बायको नागुबाई आली, बोटाला लेक महानंदा. आपल्या कवडी नावाच्या देवणी गाईजवळ जाऊन तिनं हळूच विचारलं, "मालक कुठं हायत गं?" चंद्रप्पा भिंतीखाली गेलेला तिनं स्वतः पाहिला होता. तरी ती उत्तराची वाट बघत राहिली.

मेलेली जनावरं माझ्या एका कोपऱ्यात पुरली. पुढच्या पावसाळ्यात तिथं कमरेएवढं, काळपट हिरवं गवत आलं. शेणाजवळचं गवत गुरं काही दिवस टाळतात, ती त्यांची रीतच. हा कोपरा मात्र त्यांनी दोन वर्षं टाळला.

तिसऱ्या वर्षी पावसानं दगा दिला. तो कोपरा तेवढा हिरवा राहिला. कवडीच्या बरगड्या दिसू लागल्या, तेव्हा नागुबाई विळा घेऊन आली. शेजारचा धोंडप्पा आडवा आला. म्हणाला, त्या गवतात आपलीच जित्राबं हायत.

"म्हणूनच वाया जाऊ द्यायचं न्हाई," ती म्हणाली.

कवडीनं तिच्या हातातलं गवत बराच वेळ हुंगलं, मग खाल्लं. त्या दुधावर महानंदा वाढली. नागुबाईनं ते कधी ओठाला लावलं नाही.

पुढं लातूरच्या क्लासेसचं वारं आलं. पोरं तिकडं गेली, त्यांना रांधून घालायला आयाही गेल्या, गुरं बाजारात गेली. नागुबाई कवडी मरेपर्यंत थांबली. तिला माझ्यातच पुरून ती महानंदाकडं निघाली. जाताना पाया पडायला वाकली आणि तिनं चटकन हात मागं घेतला. माती हात आत ओढून घेतेय, असं तिला वाटलं. खरंच घेत होती.

कवडी मला एकाच पावसाळ्याला पुरली. आता शेण नाही, खुरं नाहीत, रानमटकीचे वेलही वाळले. तुमच्याकडं गाय असेल तर चरायला आणा. एकटे मात्र येऊ नका.