हरणाऱ्या संघाचा गौरव समारंभ

कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल संघानं तीन वर्षांत एकतीस सामने खेळले आणि त्यांतले एकोणतीस अगदी मन लावून हरले. उरलेल्या दोनांतला एक पहिल्या वर्षी खरोखर खेळून जिंकला होता, तोही एका गुणानं, आणि त्या धक्क्यातून संघ महिनाभर सावरला नव्हता. दुसरा विजय यंदाचा. समोरच्या संघाची बस वाटेत बंद पडली, पंचांनी अर्धा तास घड्याळाकडे पाहिलं आणि कंटाळून या मुलींना विजयी घोषित करून टाकलं.

या संघाला शिकवणाऱ्या बाईंना सगळं कॉलेज नुसतं ‘बाई’च म्हणे. एके काळी त्या स्वतः उत्तम खेळायच्या. आता गुडघे बोलायला लागले होते आणि त्यांच्यापेक्षा जास्त जीभ बोलायची. बाईंच्या जिभेला हाड नाही, असं स्टाफरूममध्ये म्हणत. बाईंचं म्हणणं, हाड होतं, पण या मुलींचे पास बघून बघून ते झिजलं.

परीक्षा तोंडावर आलेली असताना एके दिवशी प्राचार्यांनी बाईंना केबिनमध्ये बोलावलं, स्वतः उठून खुर्ची पुढे केली, आणि तिथंच बाईंना शंका आली. प्राचार्य म्हणाले की शेवटच्या वर्षाच्या चार मुली यंदा बाहेर पडताहेत, तर त्यांचा जाहीर गौरव करायचा. संस्थेचे अध्यक्ष स्वतः येणार आहेत. स्मृतिचिन्हं, फोटो, चहा, सगळं साग्रसंगीत.

“गौरव कशाबद्दल?” बाईंनी विचारलं.

प्राचार्यांनी टेबलावरचा पेपरवेट दोनदा फिरवला आणि खरं काय ते सांगितलं. पुढच्या वर्षापासून संघ बंद. हॉलची लाकडी जमीन उखडायची, दोन्ही बास्केट काढायच्या आणि पक्क्या खुर्च्या बसवून सभागृह करायचं. अध्यक्ष त्या दिवशी जागा पाहतील आणि मंजुरी देतील. मुलींना तोवर काही कळता कामा नये. त्यांना वाईट वाटू नये म्हणून तर एवढा थाट.

“म्हणजे माणूस गेल्यावर जे बोलायचं, ते त्याला समोर बसवून बोलून घ्यायचं,” बाई म्हणाल्या.

प्राचार्य हसले. ते कशालाही हसत, म्हणून तर प्राचार्य झाले होते. भाषणाला चार मिनिटं मिळतील, त्यांनी सांगितलं, आणि हात जोडून पुढे म्हणाले, “फक्त टोमणे नकोत, बाई.”

बाई घरी आल्या आणि जेवणाच्या टेबलावर बसून एका दमात चार पानं टोमणे लिहून मोकळ्या झाल्या. त्यांचा नवरा छापखान्यात मुद्रितं तपासायचा. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका लाल शाईनं काढून तो स्वतः फार शांत झाला होता. त्यानं चारही पानं वाचली आणि जवळजवळ चारही खोडली.

“टोमणा ज्याला मारतो त्याला कळत नाही,” तो म्हणाला. “भलत्यालाच लागतो. तू नुसतं खरं लिही.”

“खरं लिहिलं तर दोन ओळींत संपेल. हरल्या. घरी गेल्या.”

“खरं काय एकच असतं का? त्यातलं कुठलं सांगायचं, ते तू ठरव की.” एवढं बोलून तो भाजी चिरायला निघून गेला.

बाई पेन चावत बसल्या. चौघींचं खरं आठवायचं म्हणजे डोक्याला तापच होता. पहिली कप्तान. आवाज असा की पंचांची शिट्टी ऐकू येऊ नये. सकाळी सहाला हॉस्टेलची दारं बडवून ती संघाला उठवायची, त्यामुळे संघात नसलेल्या मुलीसुद्धा तीन वर्षं लवकर उठल्या होत्या. दुसरीला सगळे शिडी म्हणत. ती दारातून वाकून आत यायची. प्रवेशाच्या दिवशी बाईंनी तिला पाहिलं आणि त्यांना वाटलं, आपलं नशीब उघडलं. चेंडू आला की ती डोळे मिटते, हे दुसऱ्या दिवशी कळलं. डोळे उघडे ठेवायला शिकवण्यात दीड वर्ष गेलं. तिसरी मलमपट्टी. घोटा, करंगळी, नाक, काही मोडायचं शिल्लक ठेवलं नव्हतं तिनं. एकही सामना ती शेवटपर्यंत खेळली नव्हती, पण एखाद्या सामन्याला आली नाही असंही झालं नव्हतं.

आणि चौथी राखीव. ती बाकावर बसायची. तीन वर्षं बसली. गुणांची वही तिच्याकडे, पाण्याच्या बाटल्या तिच्याकडे, समोरच्या संघातली कोण डावरी आणि कोण लवकर दमते हेही तिलाच ठाऊक. मैदानात उतरून किती वेळ खेळली, याचा हिशेब तिनंच ठेवला होता आणि तो चार मिनिटांच्या पुढे गेला नव्हता. राखीवबद्दल काय लिहावं ते बाईंना बराच वेळ सुचलं नाही. मग एक वाक्य सुचलं. ते लिहिताना बाई स्वतःशीच हसल्या. नवऱ्यानं नवा कागद वाचला आणि या वेळी काही खोडलं नाही.

समारंभ हॉलमध्येच ठेवला होता. लाकडी जमिनीवर भाड्याच्या खुर्च्या मांडलेल्या आणि बास्केटच्या बरोबर खाली व्यासपीठ. अध्यक्षांच्या डोक्यावर जाळी लोंबत होती. स्मृतिचिन्हं आणायचं काम हेडक्लार्ककडे होतं. दुकानात बास्केटबॉलची शिल्लक नव्हती, म्हणून त्यांनी टेनिसची आणली आणि प्रत्येक पुतळीच्या हातातली रॅकेट पकडीनं मोडून टाकली. आता त्या चार सोनेरी बाया हात वर करून बस थांबवत असल्यासारख्या टेबलावर उभ्या होत्या.

प्राचार्यांनी सुरुवात केली. त्यांना कुठलीही गोष्ट बारीक करून सांगता यायची नाही. या चार रणरागिणींनी कॉलेजचं नाव दूरवर नेलं, असं ते म्हणाले, आणि ते खरंच होतं. दूरवर जाऊनच त्या हरत. पुढे ते म्हणाले की यांचं नाव ऐकलं की प्रतिस्पर्ध्यांच्या छातीत धडकी भरते. शिडीनं मान खाली घातली. मलमपट्टी बँडेजशी खेळू लागली. कप्तान तेवढी ताठ बसली होती, कारण तिला हे सगळं पटत होतं.

अध्यक्षांचं वय झालं होतं, पण कान तिखट होते. त्यांनी ही स्तुती कान देऊन ऐकली आणि बाई बोलायला उठताच मधेच विचारलं, “यंदाची कामगिरी कशी काय?”

प्राचार्य छताकडे पाहू लागले. बाईंनी हातातला कागद पाहिला. त्यात याचं उत्तर होतं, नवऱ्यानं न खोडलेलं.

“यंदा आम्ही जो सामना जिंकला, साहेब, त्यात समोरच्या संघाला एकही गुण करता आला नाही.”

“एकही?” अध्यक्ष खुर्चीत पुढे सरकले.

“एकही नाही. पंच साक्षीला आहेत.”

अध्यक्षांनी प्राचार्यांकडे पाहिलं. दोनच मिनिटांपूर्वी धडकी भरवून बसलेल्या प्राचार्यांना आता मागे फिरायला वाट नव्हती. त्यांनी मान डोलावली. मग बाईंनी पुढचं वाचलं. कप्तानमुळे अख्खं हॉस्टेल पहाटे उठायला शिकलं. शिडीनं चेंडूकडे पाहण्याची आपली दृष्टीच पूर्णपणे बदलली. मलमपट्टीनं संघासाठी रक्त सांडलं. शेवटी त्या म्हणाल्या, “आणि ही चौथी. तीन वर्षांत हिच्या हातून एकही चेंडू निसटला नाही.”

टाळ्या पडल्या. चौघींनी बस थांबवणाऱ्या बाया स्वीकारल्या, फोटो निघाला. मग अध्यक्ष बोलायला उठले आणि म्हणाले की आपण इथे जमीन उखडण्याच्या कागदावर सही करायला आलो होतो. ज्या जमिनीवर समोरच्याला एक गुण मिळत नाही, ती उखडायची? उलट हे गळकं छत आधी दुरुस्त करा. प्राचार्यांनी सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या आणि माइक ओढून घेऊन सांगितलं की आपल्याही मनात हेच होतं.

चहा झाला. अध्यक्षांची गाडी गेली. प्राचार्य बाईंच्या जवळून जाताना म्हणाले, “तुम्ही मला बरंच गोत्यात आणलंत.” बाई म्हणाल्या, “मी तर तुमचीच री ओढली, सर.” ते हसले, पण नेहमीपेक्षा उशिरा.

आपण काय जिंकलो याचा अर्थ मुलींच्या डोक्यात आत्ता कुठे उतरत होता. कप्ताननं हॉल हादरेल अशी आरोळी ठोकली. शिडी रडली आणि मलमपट्टी हसता हसता खुर्चीला पाय अडकून पडली. राखीव मात्र रिकामे कप गोळा करत होती. बाई तिच्याजवळ गेल्या. शाबासकीच्या आशेनंच गेल्या, खरं सांगायचं तर.

“कसं झालं भाषण?”

“छान झालं,” राखीव म्हणाली. कपात कप घालून तिनं मनोरा नीट केला. “बाई, माझ्या हातून चेंडू निसटला नाही, कारण तो कधी हातात आलाच नाही. घरचे मागे बसले होते. आईनं टाळ्या वाजवल्या. तिला ते खरंच वाटलं.”

बाईंनी भाषणाचा कागद पुन्हा उघडला. टोमणा भलत्यालाच लागतो, असं नवरा म्हणाला होता, आणि त्यानं न खोडलेल्या कागदावरच एक टोमणा बसून राहिला होता.

“चुकलंच माझं,” त्या म्हणाल्या, आणि ते शब्द तोंडातून काढायला त्यांना गुडघे वाकवण्याइतका त्रास झाला. “वाक्य तर चुकलंच. तीन वर्षं बसवलं तेही चुकलं. हरू म्हणून तुला उतरवत नव्हते.”

“हरतच तर होतो,” राखीव म्हणाली.

बाईंनी खुर्च्या उचलायला घेतल्या. मुली आधी बघत राहिल्या, मग त्याही लागल्या. मंडपवाला ओरडत आला की खुर्च्या मोजून द्यायच्यात, पण कप्ताननं त्याला एकदा उत्तर दिल्यावर तो बाहेर जाऊन बसला. अर्धा हॉल मोकळा झाला. व्यासपीठ हलेना, म्हणून एकाच बास्केटवर खेळायचं ठरलं. समारंभाचे कपडे, अनवाणी पाय. दोघी विरुद्ध दोघी. राखीव आणि शिडी एकीकडे.

बाई बाकावर बसल्या. गुणांची वही त्यांनी मागून घेतली.

राखीवनं पहिला चेंडू टाकला तो जाळीच्या आसपासही गेला नाही. दुसरा मंडपवाल्याच्या खुर्च्यांत गेला. तिसऱ्याला तिनं शिडीला सुरेख पास दिला आणि शिडीनं डोळे मिटले. मग राखीवनं मलमपट्टीला चकवलं, कारण मलमपट्टी डाव्या घोट्यावर वळायला कचरते हे तिला तीन वर्षांपासून माहीत होतं, आणि चेंडू आत टाकला. पुढचे दोन पुन्हा हुकले. नंतर एक गेला.

बाई लिहीत होत्या आणि लिहिता लिहिता त्यांचा चेहरा उतरत गेला. पोरगी बाकावर वाया गेलेला हिरा निघाली असती, तर निदान हळहळता आलं असतं. ती बाकीच्यांइतकीच वाईट खेळत होती. तितकीच, ना कमी ना जास्त. तिला कुठल्याही सामन्यात उतरवलं असतं तरी कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

दमून चौघी जमिनीवरच बसल्या तेव्हा बाईंनी हे तिला तसंच्या तसं सांगितलं. साखर लावली नाही. आता लावायची हिंमत नव्हती.

राखीवनं घामानं चिकटलेले केस मागे केले. “म्हणजे मी संघात बसते,” ती म्हणाली.

“शंभर टक्के,” बाई म्हणाल्या.

राखीवनं हात पुढे करून वही मागितली, बाईंनी लिहिलेले आकडे वरपासून खालपर्यंत तपासले आणि एक चूक काढली. तिचे दोन गुण बाईंनी शिडीच्या नावावर मांडले होते. तिनं ते खोडून आपल्या नावावर केले. मग दार किलकिलं करून मंडपवाल्यानं विचारलं, आता तरी खुर्च्या नेऊ का. कप्तान म्हणाली, “अजून दहा मिनिटं,” आणि चेंडू राखीवकडे फेकला.