जिन्याखालची मोफत सल्ल्याची खोली

विधी महाविद्यालयाच्या पहिल्या महिला प्राचार्या म्हणून मॅडमचं नाव संगमरवरात कोरलं गेलं आहे. त्या पाटीपुढे झेरॉक्सचं मशीन ठेवल्यामुळे सध्या फक्त आडनाव दिसतं.

तीस वर्षांत मॅडमनी दोन गोष्टी नेमाने केल्या. जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत दर शनिवारी गोरगरिबांना मोफत सल्ला दिला, आणि प्रत्येक वर्गाला पहिल्याच दिवशी बजावलं, "वाचल्याशिवाय सही करू नका. सख्ख्या भावाने कागद पुढे केला तरी. विशेषतः सख्ख्या भावाने."

निवृत्तीला आठवडा उरला तेव्हा संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, तुमच्या सेवेचं स्मारक करतोय. त्याच खोलीत तुमचा अर्धपुतळा!"

"आणि शनिवारी येणारी माणसं?"

"ती पुतळा बघतील की."

घरी यजमानांनी विचारलं, "आता भांडणार का?"

"कशाला? अध्यक्ष धरून संस्थेच्या समितीतले सहाही जण वकील आहेत. कागद पुढे केला की झालं."

मॅडमनी अकरा पानी ठराव लिहिला. पहिली दोन पानं अध्यक्षांची स्तुती. नवव्या पानावर एकच ओळ: खोलीत पुतळा बसणार नाही, शनिवारचा सल्ला कायम चालेल आणि तो माजी प्राचार्या देतील. अध्यक्षांनी पहिलं पान वाचलं, डोळे पुसले, सही केली. बाकीच्या पाच जणांनी अध्यक्षांची सही वाचली. सगळे मॅडमचेच विद्यार्थी.

"तीस वर्षांचं शिकवणं पाण्यात गेलं हो!" मॅडम घरी येऊन म्हणाल्या. एवढ्या खुशीत हे वाक्य कुठल्याच शिक्षकाने उच्चारलं नसेल.

शेवटच्या दिवशी हार, भाषणं, फोटो. त्या गडबडीत हेडक्लार्कने गठ्ठा पुढे केला.

"शेवटच्या सह्या, मॅडम."

"कसल्या?"

"नेहमीच्याच."

मॅडमनी हार सावरत भराभर सह्या ठोकल्या.

शनिवारी दहाला त्या जिन्याखाली पोचल्या. चौदा माणसं ताटकळत उभी, आणि दाराला कुलूप. किल्ली एकट्या शिपायाकडे. मॅडमनी हेडक्लार्कला फोन लावला.

"तो महिनाभर गावाला गेलाय, मॅडम. रजा मंजूर आहे."

"कुणी केली मंजूर?"

हेडक्लार्क जरा वेळ खोकला.

"ते... तुम्हीच."

मॅडम तिसऱ्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "हं, पहिलं कोण?"

शिपाई महिन्याने परत आला. किल्ली तो गावीच विसरला होता.